ओडिसी आणि सासूबाईंची लोकर

माझं शिक्षण बीकॉम, नोकरी अकाउंट्सची, साहित्याशी संबंध दिवाळी अंकापुरता. मागच्या पावसाळ्यात एका फ्री ऑनलाइन कोर्सला नाव घातलं, जागतिक अभिजात साहित्य. मेसोपोटेमियाचं जुनं महाकाव्य गिल्गमेश मजेत झालं, त्यात महापूर आला तेव्हा आपला मनू आणि मासाच आठवला. मग होमरचं ग्रीक महाकाव्य ओडिसी आलं आणि गाडी अडली. चोवीस भाग, आणि हीरो ओडिसियस पहिल्या चार भागांत येतच नाही, मुलगा नुसता बापाची चौकशी करत हिंडतोय! मोबाइलवर पद्य वाचून डोळे दुखायला लागले, शेवटी बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले, १९१० ची, सयाजीरावांची (काचेच्या फरशीवर पाय टाकताना अजून पोटात गोळा येतो), आणि गद्य भाषांतर घेऊन आले.

तरी वाचलेलं डोक्यात राहीना. म्हणून संध्याकाळी शेंगा सोलताना सासूबाईंना सांगायला लागले, त्या शेजारी विणत बसतात. पेनेलोपी ही ओडिसियसची बायको, नवरा वीस वर्षं घरी नाही, १०८ जण लग्नासाठी अडून बसलेत आणि तिच्याच घरचं खातायत. ती म्हणते, सासऱ्यांसाठी कफन विणते, ते झालं की ठरवू.

"सासरा जिवंत आहे ना पण?" सासूबाई.

"हो आई, आधीपासून तयारी."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी घाईघाईत पुढे सरकले, दिवसा विणते, रात्री उसवते, असं तीन वर्षं.

"आणि कळलं नाही कोणाला? अगं, उसवलेली लोकर सरळ राहते का कधी?" जुन्या स्वेटरच्या गोळ्यातून धागा ओढून दाखवला, शेवयांसारखा वळलेला. "पुरुषांना नाही कळणार. घरातल्या बाईला कळलंच असणार."

पुढे वाचलं तर खरंच, एका दासीनंच फोडलं होतं!

बाविसाव्या भागात मात्र अवघड गेलं. ओडिसियस परत येतो, लग्नासाठी अडून बसलेल्या सगळ्यांना मारून झाल्यावर बारा दासींना फाशी देतात. सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या.

"पेनेलोपी कुठे होती तेव्हा?"

"झोपली होती."

"बारा पोरी गेल्या आणि ही झोपलेली?"

मी असाइनमेंट त्यावरच लिहिली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दोन रात्री जागून. तिथे सर तपासत नाहीत, कोर्स करणारेच एकमेकांचं तपासतात. एकानं नुसतं 'गुड' लिहिलं, एकानं माझं व्याकरण काढलं (बरोबरच होतं त्याचं), आणि एकीनं उसवलेल्या धाग्यावर तीन लांब पॅरेग्राफ लिहिले, ती स्वतः हातमागावर विणते म्हणे. पास झाले. सर्टिफिकेटला पैसे होते, घेतलं नाही.

आता डॉन किखोते ही स्पॅनिश कादंबरी चालू आहे. सासूबाईंना त्याच्या पवनचक्क्यांशी लढण्याचं काही नाही, रोज विचारतात, त्याच्या सेवकाला, त्या सांचोला, आज जेवायला मिळालं का.