भोसरीतल्या आमच्या गाळ्याची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत २००९ ला भाड्याच्या गाळ्यात एक जुनं लेथ (जॉब फिरवून कापणारं मशीन) नि एक सेकंडहँड सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) टाकून जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट (जॉब) करून देणं, चालू केलं, आज तीन व्हीएमसी (टूल वरून खाली येऊन कापतं अशी सीएनसी मशीन) आहेत आणि आम्ही चौदा जण. लोन, जीएसटी, नव्वद दिवसांनी येणारं पेमेंट ही रड सगळ्यांचीच, ती सोडून देतो. सांगायचंय ते कामगार आपल्या युक्त्या मालकाला का सांगत नाहीत त्याबद्दल.

गाळा टाकण्याआधी मी एका मोठ्या कंपनीत ऑपरेटर होतो. तिथे कोणी सेटिंग (पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करणं) लवकर करायची युक्ती काढली की पुढच्या महिन्यात टाइम स्टडीवाला घड्याळ घेऊन हजर, टार्गेट वाढलं, पैसे तेवढेच. मग कोण सांगणार? मी स्वतः एक स्टॉपर (जॉब दरवेळी त्याच जागी अडवणारा तुकडा) बनवून लॉकरमध्ये लपवलेला, थर्ड शिफ्टला लावायचो आणि उरलेल्या वेळात निवांत. वरच्यांना वाटायचं कामगारांना डोकंच नाही.

म्हणून आपल्याकडे पहिला नियम हाच, ज्याने जॉबचा टाइम कमी केला त्याचं टार्गेट वर्षभर हलवायचं नाही, वाचलेल्या वेळेचे पैसे त्याला. तरी कोणी विश्वास ठेवला नाही हां, मालक काय बोलतच असतो. एकाच्या खात्यात खरंच पैसे पडले, त्याने टपरीवर सांगितलं, तेव्हा कुठे बाकीचे बोलायला लागले. त्यातूनच एका पोराच्या डोक्यातून व्हीएमसीचं फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) बदललं, सगळे ॲलन बोल्ट एकाच मापाचे आणि खाली दोन डॉवेल पिन (जागा पक्की ठरवणाऱ्या पिना), म्हणजे दरवेळी डायल (सरळ बसलंय का ते दाखवणारं मीटर) लावून सरळ करत बसायला नको. सेटिंग पाऊण तासावरून पंधरा मिनिटांवर आलं. जपानच्या शिगेओ शिंगोंनी सेटिंगचा वेळ कमी करण्यावर अख्खी पद्धत उभी केली, आमच्या त्या पोराला ते नावही माहीत नव्हतं, त्याला फक्त पाना शोधायचा कंटाळा.

टोयोटात १९५१ पासून सूचना योजना आहे, तुम्हीपण पेटी लावा, असं एक कन्सल्टंट सांगून गेला. अहो, चौदा जणांत कोणाचं अक्षर कसं ते सगळ्यांना पाठ, पेटी कसली! आम्ही बुधवारी संध्याकाळी, गुरुवारच्या सुट्टीआधी, मशीनपाशीच बोलतो. सुपरवायझर तिथे नको, ही अट कामगारांचीच.

कॅमेरे लावले चोरीसाठी, पण लोकांना वाटलं आपल्यावर नजर ठेवायला, झालं, नव्या युक्तीची ट्रायल घेणंच बंद, कारण ट्रायलच्या वेळी मशीन उभं दिसतं. शेवटी स्क्रीन माझ्या केबिनमधून काढून पॅकिंगच्या टेबलावर ठेवला आणि ट्रायलचे पीस रिजेक्शनमध्ये धरणार नाही असं बोर्डवर लिहिलं. हळूहळू परत चालू झालं.

आयटीआयची नवीन पोरं अजून विचारतात, सर, सांगितलं तर टार्गेट वाढणार नाही ना? त्यातल्याच एकाने डीबरिंगसाठी (कापल्यावर कडेला राहिलेली धार काढायला) काहीतरी बनवलंय म्हणे, मला अजून दाखवलेलं नाही.