केळी कोणत्या दिशेला पडली?

रावेर, यावल, चोपडा या आमच्या केळीपट्ट्यात मे-जूनमध्ये वादळ झाले की दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट जो तो सांगतो : कापणीला आलेली बाग पार आडवी झाली आणि नाल्यापलीकडच्या बागेला धक्काही लागला नाही. मग चक्रीवादळ आले होते, असे म्हणून विषय संपतो. माझ्या मते अशा वेळी आधी संशय घ्यायला हवा तो ढगातून थेट जमिनीवर कोसळणाऱ्या हवेचा. हवामानशास्त्रात या प्रकाराला डाउनबर्स्ट म्हणतात.

गडगडाटी ढग वाढत असतो तोवर त्यातली हवा वर चढत असते आणि थेंब व गारा तोलून धरते. हा भार पेलेनासा झाला की थेंब आणि गारा खाली येऊ लागतात आणि येताना आसपासची हवा आपल्यासोबत ओढतात. पण एवढ्यावर झाडे मोडत नाहीत. खरे बळ मिळते ते बाष्पीभवनातून. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० कॅलरी उष्णता लागते, ती भोवतालच्या हवेतूनच घेतली जाते, आणि गारा वितळतानाही हवा आणखी थंड होते. एरवी खाली येणारी कोरडी हवा दाबामुळे दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते आणि तिचा जोर ओसरतो. परंतु तिच्यात थेंब विरत राहिले तर ती तितकी तापत नाही, शेजारच्या हवेपेक्षा थंड आणि म्हणून जड राहते आणि वेग घेत जमिनीपर्यंत पोहोचते. उंचावरून हंडा ओतल्यावर पाणी फरशीवर चहूकडे फाकते, तशी ती जमिनीवर आपटून सगळ्या दिशांना सुटते.

खानदेशातला उन्हाळा या प्रक्रियेला फार अनुकूल आहे. तापमान ४४-४५ अंशांवर गेलेले, जमिनीलगतची हवा कोरडी आणि ढगाचा तळ उंच, त्यामुळे थेंबांना विरायला भरपूर अंतर मिळते. कधी कधी पाऊस जमिनीवर पोहोचतच नाही, ढगाखाली करड्या झालरीसारखा लोंबकळताना दिसतो. तरीही वारा मात्र पोहोचतो, म्हणून थोड्या पावसाचा ढग निरुपद्रवी समजणे धोक्याचे आहे. श्रावणात हवा दमट असते, ढगही खाली उतरलेले असतात, तेव्हा कोरड्या हवेतल्या बाष्पीभवनाचे हे बळ बरेच कमी पडते.

ही गोष्ट जगासमोर ठामपणे मांडली ती शिकागो विद्यापीठातील जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी. अणुबॉम्बनंतर नागासाकी आणि हिरोशिमा येथे त्यांनी पाहणी केली होती. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत टोर्नेडोंचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यांचा, मोठा तडाखा बसला, तेव्हा विमानातून पाहणी करताना एका ठिकाणी झाडे गोलाकार न पडता एका केंद्रापासून बाहेरच्या बाजूला पडलेली त्यांना दिसली. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कला उतरताना एक प्रवासी विमान वादळात कोसळले आणि ११३ माणसे गेली. त्याचा अभ्यास करताना फुजितांनी हाच कोसळता झोत कारणीभूत धरला. अनेक तज्ज्ञांनी सुरुवातीला ते मानले नाही, पण नंतरच्या रडार निरीक्षणांनी फुजितांचे म्हणणे खरे ठरवले. नुकसानीचा पट्टा चार किलोमीटरहून लहान असेल तर त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात आणि त्याचा मुख्य तडाखा काही मिनिटांतच आटोपतो.

आमच्या भागातल्या एका बागेत मी खोडांच्या दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर पाहिल्या. नाल्याकडची केळी पूर्वेला पडलेली, रस्त्याकडची दक्षिणेला, आणि दोन्हींच्या मधल्या कोपऱ्यातली आग्नेयेला. घड मातीत रुतलेले, दांडा पिरगळलेला कुठेच नाही, खोडे बुंध्याजवळ सरळ मोडलेली. एका बागेवरून निर्णय देता येत नाही, पण अशा पंख्यासारख्या फाकलेल्या दिशा चक्राकार वाऱ्याच्या खुणांपेक्षा फार वेगळ्या असतात. केळीचे खोड म्हणजे पानांच्या देठांच्या बुडांचे थर, त्यात लाकूड नाही, त्यामुळे घडाचा भार असताना ते वाऱ्याची दिशा फार प्रामाणिकपणे दाखवते. बागेभोवती लावलेली शेवरी आडव्या वाऱ्याचा जोर कमी करते, म्हणून ती हवीच. मात्र झोत बागेवरच उतरला तर तिचा उपयोग मर्यादित असतो.

फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद महत्त्वाची ठरते. केंद्र काही किलोमीटरवर आणि झोत त्याहून लहान, असे झाले तर यंत्रावर साधा वारा दिसतो आणि शेतकऱ्याची बाग मात्र भुईसपाट असते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : पंचनाम्याआधी खोडे उचलू नका. बागेच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध उभे राहून पडलेल्या केळीचे फोटो घ्या, प्रत्येकासोबत दिशा आणि वादळाची वेळ लिहा, आणि शेजारच्या बागांच्या नोंदीही त्याच कागदावर मांडा, म्हणजे झोत कुठे उतरला आणि किती पसरला हे तलाठी व कृषी सहायकांना नकाशावर दाखवता येईल.