बंड्या आणि चिंगी

आज चिंगी घरी आली. दोन महिन्यांचं गावठी कुत्र्याचं पिल्लू, पोट गरगरीत, एक कान उभा आणि एक पडलेला. आमचा कुत्रा बंड्या आता म्हातारा झालाय, मागचे पाय दुखतात, त्यामुळे मला काळजी त्याचीच जास्त होती.

दोघांची पहिली गाठ घरात न घालता गच्चीवर घातली. घर बंड्याचं, गच्ची कोणाचीच नाही. शिवाय चिंगीचा लसीचा पहिलाच डोस झालाय, पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गाच्या, भीतीने तिला इतक्यात रस्त्यावर उतरवायचं नाही. गच्चीवर दुसरी कुत्री येत नाहीत. बंड्याचा पट्टा सैल धरला होता. ताणला की तो उगाच ताठरतो. त्याने तिला मागून हुंगलं, मग तोंड फिरवून टाकीच्या सावलीत जाऊन बसला. ही मात्र थेट त्याच्या शेपटीला लोंबकळायला निघाली, तेव्हा तो गुरगुरला.

आई म्हणाली, "अगं, ओरड त्याला!"

नाही ओरडले. गुरगुरून तो 'पुरे' एवढंच सांगत होता. ते सांगणं बंद पाडलं तर पुढच्या वेळी न सांगताच चावायचा. चिंगी लगेच पाठीवर लोळली, पोट वर. कळलं तिला.

घरी भांडी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलीत. बंड्याची गादी फक्त बंड्याची. जेवण आधी त्याला, हाक आधी त्याला. पिल्लू आलं की घरातलं सगळं कौतुक तिकडे वळतं, आणि म्हाताऱ्या जिवाला ते कळतं हो.

उद्या पुन्हा गच्ची, थोडाच वेळ. तुमच्याकडे अशी जोडी असेल तर रात्री दोघांना कसं झोपवता, नक्की सांगा.