पाठीवरचे दोन कोरडे डाग

आमचा घोडा शिलेदार १ मीटर उंच अडथळ्यांचे राऊंड आरामात क्लीन, म्हंजे एकही बार न पाडता, काढायला लागला होता. ६ वर्षांचा कुमैत, तांबूस-तपकिरी रंगाचा, रेसवरून आलेला. आमच्याकडं साताऱ्याला आला तेव्हा त्याला फक्त सरळ पळायचं माहीत, वळायचं कसं तेसुद्धा शिकवावं लागलं. आधी जमिनीवर बांबू टाकून त्यावरून दुडकी, मग क्रॉस, म्हंजे फुलीसारखे आडवेतिडवे बांबू, मग ८० सेंटीमीटर, ९०, असं करत दीड वर्ष गेलं, म्हणून मालक म्हणाले यंदा पुण्याच्या स्पर्धेत १.१० मीटर खेळवूया, तर मीपण हो म्हणाले.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी, डिसेंबरातली सकाळ, अजिंक्यताऱ्यावर धुकं उतरलेलं, आम्ही घरीच पूर्ण कोर्स लावला. डबल म्हंजे लागोपाठचे दोन जंप, त्यांच्यामधलं अंतर मी स्वतः पावलांनी मोजलं. घोड्याची एक स्ट्राईड, म्हंजे ढांग, माझी चार पावलं, उतरायला दोन, उडायला दोन, असे आठ. बरोबर होतं. मुद्दाम सांगतेय, कारण नंतर मी पहिला संशय त्यावरच घेतला.

डबलचा पहिला जंप गेला आणि दुसऱ्याला, ऑक्सरला, म्हंजे मागंपुढं दोन बार लावलेल्या रुंद जंपला, पुढचे पाय रोवून उभाच राहिला. मी त्याच्या मानेवर. परत फिरवून आणला, परत तेच. तिसऱ्यांदा तर वळतानाच शेपूट झटकायला लागला. मालक कुंपणापाशी होते, तिथनंच ओरडले, "अगं लाडावलाय तो, ठेवून दे एक!"

आणि मी दिला. दोन चाबूक. लिहितानासुद्धा लाज वाटते.

गेला तो ऑक्सरवरून, पण पाठ ताठ, मान वर, गुडघे दुमडलेच नाहीत, बार खाली. पलीकडं उतरल्यावर इतका थरथरत होता की मी तिथंच खाली उतरले आणि लगाम धरून त्याला चालत तबेल्यात आणला.

मामांनी तंग सोडला. मामा आमचे सईस, सगळा जन्म घोड्यांत गेलाय त्यांचा. खोगीर उचललं आणि काही न बोलता माझा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. सगळी पाठ घामानं चिंब, आणि खांद्यामागं दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन डाग, एकदम कोरडे. "ताई, हितं घामच फुटला नाय बघा." मी बोटानं हलकंच दाबलं तर त्यानं पाठ खाली घेतली आणि कान मागं पाडले.

खोगीर तो आला तेव्हाच्या मापाचं होतं, तेव्हा त्याच्या फासळ्या मोजता यायच्या. कामानं पाठ भरली, खांदे भरले, पण खोगिराच्या आतला सांगाडा तेवढाच अरुंद. जिथं सतत दाब पडतो तिथं घाम येत नाही. आणि घोडा पुढचे पाय वर ओढतो तेव्हा खांद्याचं हाड मागं सरकतं, ते दर उडीला त्या सांगाड्याच्या टोकावर जाऊन आपटत असणार. १ मीटरपर्यंत त्यानं कसंतरी भागवलं, १.१०ला खांदा पूर्ण उचलावाच लागतो. दीड वर्ष रोज मीच ते खोगीर कसत होते, आणि मला दिसलं नाही.

मालकांना डाग दाखवले, म्हटलं दादा, पुणं रद्द. फी भरलेली, चिडले. म्हटलं माझ्या पगारातनं कापा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मामांना विचारत होते, शेक द्यायचा का म्हणून.

डॉक्टरांनी १५ दिवस पाठीवर काहीही ठेवू नका सांगितलं. मग रुंद मापाचं खोगीर आणलं आणि पुन्हा बांबूंपासून सुरुवात. दुखणं गेलं तरी भीती राहिली होती, खोगीर दिसलं की श्वास रोखून धरायचा, म्हणून मी कितीतरी दिवस ते नुसतं ठेवून, खरारा करून परत काढायची. उड्या आठवड्यातनं दोनदाच, बाकी दिवस माळावर रपेट.

मार्चअखेर तोच ऑक्सर १.१०ला लावला. मी चाबूक घेतलाच नव्हता. कान पुढं करून आला आणि गुडघे छातीशी घेऊन असा गेला की बारवर वीतभर जागा राहिली.

मामांनी खोगीर उतरवलं आणि आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. सगळी पाठ सारखी ओली.