राष्ट्रपतिपद मध्येच रिकामं झालं तर?

उपराष्ट्रपती उरलेली मुदत पूर्ण करतात, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तो अमेरिकेचा नियम. आपल्याकडे मृत्यू, राजीनामा किंवा महाभियोगामुळे पद रिकामं झालं, की उपराष्ट्रपती फक्त कार्यभार सांभाळतात. 6 महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते आणि नव्या राष्ट्रपतींना पूर्ण 5 वर्षं मिळतात. राजीनामा द्यायचा तो उपराष्ट्रपतींकडे. त्यांनी ते लगेच लोकसभा अध्यक्षांना कळवायचं.

खरी गंमत 1969 ची. 3 मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले, उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक झाले. जुलैमध्ये स्वतःच निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आता पुढे कोण? राज्यघटनेत नाव नव्हतं, ते संसदेवर सोडलेलं. सुदैवाने मे महिन्यातच कायदा झाला होता: आधी सरन्यायाधीश, तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयातले उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीश. म्हणून तेव्हाचे सरन्यायाधीश न्या. हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपती भवनात.

मुदत संपली आणि निवडणूक लांबली, तर मात्र कार्यवाहक लागतच नाही. वारस शपथ घेईपर्यंत जुनेच राष्ट्रपती राहतात.

उमेदवारीला वय 35 पूर्ण, लोकसभेची पात्रता, लाभाचं पद नको. हौशी अर्ज बहुतेकदा बाद होतात ते मात्र वेगळ्याच अटीवर: 50 सूचक आणि 50 अनुमोदक, सगळे मतदार आमदार-खासदारच. वर 15,000 रुपये अनामत.