माया आणि इंका एकाच सहलीत : जाणाऱ्यांसाठी काही रोखठोक सूचना

माया आणि इंका अशा दोन्ही संस्कृती एकाच दौऱ्यात दाखवण्याचा कार्यक्रम आम्हाला विकताना एजंटाने छातीठोकपणे सांगितले होते की, दोन्हीकडे पिरॅमिडच पाहायचे आहेत आणि हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला इंका ट्रेल, म्हणजे पेरूतली माचू पिचूला जाणारी इंकांची जुनी डोंगरवाट, हातचा मळ आहे. दोन्ही विधाने साफ खोटी निघाली. माथ्यावर देऊळ असलेला पिरॅमिड पेरूत आम्हाला कुठेच दिसला नाही. आणि कळसूबाईची उंची 1646 मीटर असताना इंका ट्रेलवरची वार्मिवान्युस्का खिंड 4215 मीटरवर आहे, एवढे तरी विकणाऱ्याला माहीत असायला हवे होते.

मायांच्या मुलखात, म्हणजे मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पात, फारसा त्रास नाही. तिथल्या चिचेन इत्सा या माया शहराच्या अवशेषांत परदेशी प्रवाशाला राज्याचे आणि केंद्राचे अशी दोन शुल्के भरावी लागतात, त्यामुळे गाडीवाल्याने सांगितलेल्या रकमेत दोन्ही धरली आहेत का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. आमच्याकडून एकाचे पैसे दोनदा उकळले गेले. पिरॅमिडवर चढू देत नाहीत. कोबा हे दुसरे माया शहर मात्र चुकवू नये. तिथे भाड्याची सायकल घेऊन सपाट वाटांवरून हिंडता येते, आणि गवती छपराखालच्या एका झिजलेल्या शिलास्तंभावर कालगणनेतले तेरा तेराचे आकडे, म्हणजे दोन आडव्या रेघा (प्रत्येकी पाच) आणि तीन ठिपके (प्रत्येकी एक), एकाखाली एक मांडलेले दिसतात. कोबापासून याशुना या माया शहरापर्यंत सुमारे 100 किलोमीटरचा, चुन्याने पांढरा केलेला रस्ता मायांनी बांधला होता. ओझे वाहणारे जनावर त्यांच्याकडे नव्हते, पण जमीन सपाट होती.

इंकांना ती चैन नव्हती. ट्रेलवरच्या वाय्याबांबा गावापासून वार्मिवान्युस्का खिंडीपर्यंत सुमारे 1200 मीटरचा चढ आहे, आणि त्यातला बराचसा दगडी पायऱ्यांचा आहे. एकही पायरी दुसरीसारखी नाही. काही गुडघ्याएवढ्या उंच आहेत, आणि विरळ हवेत दर वीस पावलांना थांबावे लागते. पलीकडे पाकायमायोच्या मुक्कामापर्यंतची उतरण त्याहून वाईट असून तिथे काठ्यांशिवाय गुडघ्यांची धडगत नाही. चाकाची गाडी आणि घोडा नसलेल्या राज्यात रस्ता फक्त माणसाच्या आणि लामाच्या पायांसाठी बांधला की तो असाच होतो, हे त्या चढावर धापा टाकताना पुरते पटले. मात्र वाटेतल्या एकाही भिंतीवर राजाचे नाव नाही की तारीख नाही. आपापसांत लढणारे माया राजे आपले विजय दगडात कोरून ठेवत; एकछत्री इंका राज्याचा हिशेब गाठी मारलेल्या दोऱ्यांवर चाले, आणि त्या गाठी अजून पूर्णपणे वाचता आलेल्या नाहीत. माझ्या मते दोघांची तुलना इथून सुरू करावी, पिरॅमिडांपासून नव्हे.

समुद्रसपाटीवरच्या युकातानहून थेट पेरूतल्या 3400 मीटरवरच्या कुस्को शहरात मुक्काम ठोकणे हा शुद्ध वेडेपणा आहे. विमानतळावरून तडक सुमारे 2800 मीटरवरच्या ओयांतायतांबो गावी उतरावे आणि निदान दोन रात्री तिथे काढाव्यात. ट्रेलवर गाइड आणि हमाल धरून दिवसाला 500 जणांनाच सोडतात, त्यामुळे परवाना कित्येक महिने आधी काढावा लागतो; तो दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि फेब्रुवारीत वाट बंद असते. कार्यक्रमातला खिंडीचा दिवस "मध्यम" या सदरात टाकलेला दिसला, तर त्या एजंटाला आगाऊ रक्कम देऊ नये.