विकायचं पिल्लू

फ्रेंच बुलडॉगची मादी, वय 24 दिवस. भावंडं धडपडत का होईना चालत होती आणि ही चारही पाय बाजूला फेकून पोटावर पसरलेली. आम्ही पशुवैद्य याला स्विमर पपी म्हणतो, म्हणजे पोहल्यासारखं पाय पसरणारं पिल्लू. ब्रीडर म्हणाला, "मॅडम, होण्यासारखं असेल तर बघा, नाहीतर इंजेक्शन देऊन मोकळं करा."

आधीच्या डॉक्टरांनी कॅल्शियमचं सिरप दिलं होतं. पाय म्हटलं की कॅल्शियम, हे खूळ आमच्या व्यवसायातून कधी जाणार देव जाणे! एक्स-रेत हाडं नीट होती. बोट चिमटलं की पाय आखडून घेत होती, म्हणजे नसाही शाबूत. पाय अंगाखाली घ्यायचं बळ तेवढं नव्हतं, आणि सतत पोटावर पडून छाती भाकरीसारखी चपटी झालेली. छाती अशीच राहिली की श्वासाला जागा उरत नाही.

मागच्या पायांना घोट्याच्या वर गॉज, त्यावर कागदी टेप, इंग्रजी आठाच्या आकारात. दोन पायांतलं अंतर तिच्या कमरेइतकंच. सगळी कला त्या अंतरात आहे. पिल्लू रोज वाढतं, त्यामुळे टेप वरचेवर बदलायची, नाहीतर ती काचते. झोपवायचं कुशीवर. व्यायाम पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, दूध पिल्यावर लगेच कधीच नाही. पोटाखाली हात धरून उभं करायचं, तळव्यांवर मऊ टूथब्रश फिरवायचा. आणि केनेलमधल्या त्या चकचकीत टाइल्सवर आधी रबरी मॅट! त्या टाइल्सवर मीसुद्धा जपून चालत होते.

हे सगळं केलं केनेलवर कामाला असलेल्या पोरानं. मालक फक्त फोटो पाठवायचा. उपचारांच्या तिसऱ्या आठवड्यात ती वाटीपाशी चारही पायांवर उभी राहिली, तो व्हिडिओ मात्र पोराचा.

या दोषाचं कारण अजून पक्कं ठाऊक नाही, पण आनुवंशिकतेचा संशय आहे. म्हणून केसपेपरवर "चाल सामान्य" लिहून खाली ठळक लिहिलं : प्रजननासाठी वापरू नये, नसबंदी करावी. ब्रीडर "हो हो मॅडम" म्हणाला.

पुढे एका बाईंचा फोन आला. पिल्लू घ्यायचं म्हणत होत्या. "तुम्ही फिट सर्टिफिकेट दिलंय ना?" त्यांना केसपेपरचा फोटो आला होता, वरच्या अर्ध्याच भागाचा. मी खालचं सगळं वाचून दाखवलं.

"अहो, पण हिची एकदा तरी पिल्लं घ्यायची होती," त्या म्हणाल्या. "एवढे पैसे घातल्यावर..."